डिझाइन नंबर नाही

रॉकेटला मला चौदा दिवस लागले.
आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत,
एक चौकोन म्हणजे एक तार.
खाली जाळ नारिंगी, वर टोक पांढरं,
मधला धूर सगळ्यात अवघड:
धुराला कडा नसते
आणि जकार्टला कडाच लागते.

पाचशे टॉवेल. उड्डाणाला येणाऱ्या पाहुण्यांना भेट.
कुरापाटी शेठ म्हणाले, "जाळ अजून मोठा कर की बे,
लांबून दिसला पाहिजे."
मी जाळ सोळा तारांनी वाढवला.

त्याच आठवड्यात श्रावंतीचा फोन.
माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी,
भद्रावती पेठेत वाढली,
समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एकविसाव्या वर्षी
आणि तिथंच राहिली.
रात्रभर किनाऱ्यावर चालते, घरटी मोजते.
"मामा, चादरी पाहिजेत. बारा. काळ्या.
दोन्हीकडून काळ्या. नक्षी नको."

नक्षी नको?
शेंगाचटणी मागायची
आणि शेंगा नको म्हणायचं.

तिनं सांगितलं ते असं:
पिल्लं रात्री वाळूतून वर येतात,
काड्यापेटीहून लहान,
आणि जिकडं जास्त उजळ तिकडं चालू लागतात.
आजवर जास्त उजळ म्हणजे समुद्रच असायचा.
आता उड्डाणाआधी आठ रात्री तळावर दिवे असतात,
पिल्लं पाण्याकडं पाठ करतात,
रस्त्याकडं जातात, कुंपणाकडं, कुत्र्यांकडं.
"दिवे विझवा म्हटलं. निम्मे विझवले.
माणसं वाईट नाहीत मामा,
त्यांना बोल्ट दिसावा लागतो."

घरी आम्ही त्याला ताबेलु म्हणतो, बाहेर कासव.
दोन्ही शब्द मी उभ्या आयुष्यात
देवळातल्या दगडाखेरीज
कशासाठी वापरले नव्हते.

रविवारी तीन नंबरच्या मागावरून मोर उतरवले.
कार्डांची माळ खिळ्याला अडकवली,
साध्या विणीची चार कार्डं लावली, बीम बदलला.
उभा काळा, आडवा काळा.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
मागाला सांगायला माझ्याकडं काही नव्हतं.
खडखडाट तोच. कापड पुढं येत होतं
आणि कापडावर काही येत नव्हतं.
कांड्या भरणारी यल्लव्वा बघून गेली,
परत आली, हळूच म्हणाली,
"कोण गेलं?"

बिलाला डिझाइन नंबर लागतो.
दिवाणजी अडून बसला, नंबर नाही तर दर कसा लावू?
मी रकान्यात रेघ मारली.
दर माझ्या पगारातून लागला.

दोन्ही गठ्ठे एकाच ट्रान्सपोर्टनं गेले,
रॉकेट वर, चादरी खाली.

उड्डाण आम्ही अक्कलकोट रोडच्या टपरीवर
पाच जणांनी एका फोनवर पाहिलं.
खोटं कशाला बोलू, टाळ्या वाजवल्या.
चहा सांडला कुणाचा तरी.
धूर मी काढला त्याहून कितीतरी मऊ होता
आणि त्याला खरंच कडा नव्हती.

रात्री अडीचला श्रावंती:
"एक्केचाळीस नंबरचं घरटं फुटलं. एकशे सात.
बांबूंना बांधल्या तुझ्या चादरी.
सगळी पाण्यात गेली, एक सोडून.
चौथ्या चादरीत एक तार तुटलेली होती मामा,
तेवढ्या फटीतून उजेड येत होता.
ते तिकडंच वळायचं. तीनदा हातानं फिरवलं."
"मग?"
"मग फटीला पाठ लावून बसले."

आता मागावरून उतरलेलं प्रत्येक कापड
मी ट्यूबलाइटसमोर धरतो.
टॉवेल असो, चादर असो, मोर असो.
शेठ विचारतात, काय बघलालास?
तार, म्हणतो,
आणि एक डोळा मिटून
आणखी जरा खाली वाकतो,
काड्यापेटीच्या उंचीपर्यंत.